टॉवेलाखालचा भाव

अहो, ऐकताय ना,

परवा दारातली गाडी गेली. उभी असायची तिथं फरशीवर तेलाचा काळा डाग तेवढा उरलाय. म्हणलं, तुम्हाला कळवावं. तोंडानं सांगायची सोय तुम्ही जिवंतपणी कधी ठेवली नाहीत. मी एक वाक्य बोलायला घेतलं की तुमची तीन मध्ये पडायची. कागदावर तरी मध्ये बोलता यायचं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आधी तुमच्या दहाव्याचं सांगते, कारण त्या दिवशी तुम्ही मला लई दुखावलंत. 'मेल्यावर कसा दुखवीन?' म्हणाल. ऐका तर खरं.

गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या लिंबावर बसून निवांत पंख साफ करत होता. मग रीतीप्रमाणे एकेक जण हात जोडून कबूल करायला लागला. आपली लेक रडत रडत म्हणाली, "नाना, आईची काळजी करू नका, मी हाय ना." कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, उसाची लागण वेळेवर करू. तरी ढिम्म. शेवटी तुमचे धाकटे बंधू, आपले बापूभाऊजी, पुढं झाले. "नाना, गाडी पडत्या भावात जाऊ देनार न्हाई. सौदा चांगलाच करू." आणि तो कावळा आला की हो खाली! लोक डोळे पुसता पुसता हसले. "नाना शेवटपर्यंत नानाच," म्हणाले.

मी नाही हसले. तुमच्याबरोबर सारा जन्म काढला आणि तुमचा जीव अडकला कशात, तर गाडीच्या भावात? माझं नाव घेतलं तेव्हा तुम्ही फांदीवरून हललासुद्धा नाहीत. एवढी का मी स्वस्त होते?

पण मला नवल तरी कशाचं वाटावं? पंचक्रोशीत कुणाला गाडी घ्यायची असली की आधी तुमच्या दारात. "नाना, तेवढं चला ना बरोबर." मग तुम्ही कपाटातला चांगला सदरा सोडून उसवल्या कॉलरचा घालायचात, झिजल्या चपला पायात सरकवायचात आणि नगरला सावेडीच्या शोरूमला जाऊन बसायचात. तिथं चहावर चहा. मध्येच उठून दारापर्यंत जायचं, शोरूमवाला बोलावतोय का बघायचं, आणि बोलावलं की हळूच परत यायचं. सीट कव्हर फुकट, मॅट फुकट, वर पेढ्यांचा बॉक्सपण त्याच्याच पैशाचा. गाडी दुसऱ्याची असायची, पण आठ दिवस मिशीला पीळ तुमच्या.

सगळं शिकलात बैलबाजारात. गाडी बघायला गेलात तरी बॉनेटवर थाप मारायचात पाठीवर मारावी तशी, आणि खाली वाकून टायर बघायचात दात बघावेत तसे. तिथलाच तो टॉवेल. भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. एकदा शोरूममधल्या टाय लावलेल्या पोराचा हात तुम्ही असाच धरलात, तो बिचारा घाबरून मालकाला बोलवायला पळाला. ती गोष्ट तुम्ही सांगायचात तेव्हा मीही पोट धरून हसायचे. ते खोटं नाही. त्या दिवसांत मला तुमचं कौतुक होतं.

पुढं विलासराव गेले आणि ते कौतुक संपलं.

माझ्या पाठची एकच बहीण, सुशी. तिचे मालक विलासराव तुमचे साडू, नगरजवळच्या नागापूरच्या कंपनीत होते, राहायला सावेडीत. निवृत्तीला थोडे दिवस असताना त्यांनी हौसेनं ती पांढरी गाडी घेतली. दर रविवारी सुशीच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसायचे. डोळ्याला गॉगल लावून तिला शेजारी बसवायचे आणि मिरावलीच्या डोंगराकडं चक्कर मारून आणायचे. तुम्ही त्यांना हसायचात, म्हणायचात, साडू काय हिरो झालाय. आणि एक दिवस कंपनीतून येताना छातीत कळ आली. त्या माणसानं तशाही स्थितीत गाडी नीट कडेला घेतली, ब्रेक लावला, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून गेला. कुणाला धक्कासुद्धा लागू दिला नाही.

तेराव्याचं जेवण उरकलं. बायका अजून भांडी आवरत होत्या. तुम्ही सुशीच्या दिराला बाजूला घेतलंत, सतरंजीवर बसलात आणि खांद्यावरचा टॉवेल काढलात. मी सुशीजवळ स्वयंपाकघरात होते. तुमचा आवाज ऐकू येत होता, "गाडीत मानूस गेलाय. कोन घेनार सांगा ना? घरातलाच म्हनून मी घेतोय." मग आवाज बंद झाला. टॉवेलाखाली काय चाललं होतं ते आत कुणाला कळणार? सुशी मला म्हणाली, "दाजी आहेत, म्हणजे वाईट नाही करणार." पुढं कागद आले तेव्हा तिनं न वाचता सह्या केल्या.

घरी येताना तुम्ही मला म्हणालात, "निम्म्यात आनली." तोंडावर काय तेज होतं तुमच्या! मी तेव्हाच म्हणाले होते की हे बरं नाही, तिच्या कुंकवाची गाडी आहे, द्यायचा तर भाव रास्त द्या. आठवतं काय म्हणालात? "येव्हारात नातं आनायचं न्हाई."

आणि आकडा कळल्यावर सुशीनं फोन केला तेव्हा तिलाही हेच. ती एवढंच म्हणाली होती, "दाजी, एवढ्यातच द्यायची तर मी ती ह्यांची आठवण म्हणून दारात उभी ठेवली असती." तुम्ही तिला तेच वाक्य ऐकवलंत आणि फोन ठेवलात. त्यानंतर तिनं आपल्या उंबऱ्याला पाय लावला नाही. भाऊबीजेला दोघी माहेरी जायचो, तेही तिनं बंद केलं. माझी एकच बहीण होती हो.

बरं, तुम्हाला गाडी चालवता तरी येत होती का? नाही! कुठं जायचं तर शकीलभाईला बोलवायचं आणि आपण पुढं बसायचं, काच खाली करून, कोण बघतंय ते बघत. एरवी गाडी कव्हर घालून दारात. पाहुणा आला की कव्हर काढायचं आणि विचारायचं, "वळखा, कितीला आनली असंल?"

गॉगलचं तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. गाडीच्या कप्प्यात विलासरावांचा गॉगल राहिला होता. मी म्हणाले, सुशीला पाठवून देऊ. तुम्ही तो डोळ्याला लावलात, आरशात बघितलंत आणि म्हणालात, "गाडीसंगं ह्यो बी आला." आणि लावून बाजाराला गेलात. त्या दिवशी मी चुलीपुढं बसून रडले. तुम्हाला वाटलं धूर झालाय.

मग एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. ना दवाखाना, ना कुणाची सेवा. तिथंही तुम्ही स्वस्तात सुटलात.

आता सौद्याचं. कावळ्याला दिलेला शब्द बापूभाऊजी विसरले नाहीत. महिना झाला नसेल, श्रीरामपूरकडचा एक व्यापारी घेऊन आले. मला म्हणाले, "वहिनी, चहा टाका." मी आत गेले. आधण ठेवते न ठेवते तोच ओट्यावरून व्यापाऱ्याचा आवाज आला, "दोन मालक खाल्ले हो ह्या गाडीनं. कोन घेनार? तुमच्या शब्दाखातर घेतोय." आणि मग आवाज बंद.

तुम्ही तर घरात, पलंगावर गेलात. गाडीचा काय संबंध? पण भाव पाडायचा तर मेलेला माणूस कामाला येतो, हे तुम्हीच दाखवून दिलं होतं. सुशी त्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात अशीच बसली होती. तीच मी, तोच टॉवेल. फक्त मेलेला माणूस तुम्ही.

गॅस बंद केला, हातात सांडशी होती तशीच बाहेर गेले आणि टॉवेल ओढला. दोघं एकमेकांचा हात धरून बसले होते, अंतरपाट बाजूला झाल्यासारखे बघत राहिले माझ्याकडं.

"भाव मोठ्यानं बोला," म्हणाले मी. "गाडी माझी हाय."

"वहिनी, बाजाराची रीत असती," भाऊजी म्हणाले.

"ती बैलाची रीत. बैलाला बोलता येत न्हाई, म्हणून त्याला कुणी विचारत न्हाई. मला येतं."

व्यापाऱ्यानं चपला घातल्या. भाऊजी म्हणाले, "नानाचा आत्मा तळमळंल." मी म्हणाले, तळमळू द्या. तेव्हापासून भाऊजी आमच्या घरी चहा घेत नाहीत. तुमच्या घराण्यातली मीच काय ती वाईट, असं गावात झालंय. होऊ दे.

आणि परवा शकीलभाईला बोलावलं. गाडी धुऊन घेतली, पुसायला माझी सुती साडी फाडली, आणि सरळ सावेडीला सुशीच्या दारात नेली. वाटेत राहुरीला त्यांनी चहाला थांबवलं, तर मी गाडीतून खाली उतरलेच नाही. मनात सारखं घोकत होते, काय बोलायचं, कसं बोलायचं.

सुशी खाली आली. केस पार पांढरे झालेत तिचे. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं नाही. हात लावला नाही, लांबच उभी राहिली.

मी म्हणाले, "सुशे, तुझी गाडी आणलीय."

ती म्हणाली, "भाव काय?"

मी म्हणाले, "तुझ्याकडून कसला भाव? तुझीच हाय ती."

"मला कुणाचं फुकट नको," म्हणाली. "थांब." वर गेली आणि खाली आली ती हातात एक पिशवी घेऊन. कापडदुकानाची, लाल अक्षरांची. ओळखली का? गाडीचे पैसे घालून तुम्ही तिच्या दिराच्या हाती दिली होती ती. तिच्या तोंडाला तुमचीच गाठ, दावं बांधायची दुहेरी. तिनं ती सोडलीच नव्हती. दिरानं आकडा सांगितला तेवढा ऐकला आणि पिशवी तशीच ठेवून दिली. इतकी अडचण सोसली, लोकांच्या पोरांचे कपडे शिवले, पण तुमच्या पैशाला बोट लावलं नाही.

"दाजींनी दिला तोच भाव," म्हणाली. "घे."

मी हात मागं घेतला. म्हणाले, "अगं, मी बहीण हाय तुझी."

तेव्हा कुठं तिनं माझ्याकडं बघितलं. "ताई, व्यवहारात नातं आणायचं नसतं."

ऐकलंत? तुमचंच वाक्य. बोलली ती, पण आवाज मला तुमचाच ऐकू आला. मी पिशवी घेतली. घेतली नसती तर ती गाडीला शिवली नसती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

किल्ली दिली. मग पदराच्या टोकातून गॉगल काढून पुढं धरला. तिनं तो घेतला. काचा पदरानं पुसल्या, काड्या मिटल्या आणि मुठीत घट्ट धरला. गॉगलचा भाव मात्र तिनं विचारला नाही.

वर ये म्हणाली नाही. पाणीही विचारलं नाही. शकीलभाई तिथूनच त्यांच्या कामाला गेले. मी रिक्षानं स्टँडवर आले, एसटीत बसले, आणि श्रीरामपूरला गाडी बदलून अंधार पडता पडता पुणतांब्याला घरी पोचले. सगळी वाट ती पिशवी मांडीवर होती.

आता ती पिशवी तुमच्या फोटोखाली ठेवलीय. गाठ मी सोडणार नाही. तुम्ही मारलीत, तुम्हीच सोडवा, सुटत असली तर. हा घ्या तुमचा चांगला सौदा. बाजारात मिरवता येत असेल तिकडं, तर मिरवा.

मी काय करणार तेही सांगते, आणि हा शब्द कावळ्याला नाही, तुम्हाला देतेय. दर महिन्याला एसटीनं सावेडीला जाईन. तिच्या दाराखाली उभी राहीन. हाकललं तर माघारी येईन आणि पुढच्या महिन्याला परत जाईन, ती वर ये म्हणेपर्यंत. तोवर तुमचं पान वाढीन, दिवा लावीन, त्यात कसूर करणार नाही. पण फोटोला हार घालणार नाही. ज्या दिवशी सुशी ह्या उंबऱ्याच्या आत येईल, त्या दिवशी तिच्याच हातानं घालून घ्या. तिनं नाही घातला, तर तुमचा फोटो असाच राहील. भिंतीला खिळा पक्का मारून घेतलाय.

तुमचीच
(हे नातं आहे, व्यवहार नाही)
मंदा