थोरल्यांचा आवाज

३ मार्च

रस्ता, पूल, दवाखाना, नोट — थोरले नाहीत कुठे? तरी आणखी एक पुस्तक हवंच! आज त्यासाठी एक प्राध्यापक घरी आला. तोंडात नुसती साखर. स्वातंत्र्याच्या दिवशीचं थोरल्यांचं ते गाजलेलं भाषण — काका तेव्हा रेडिओवर होते ना, काही आठवतं का, म्हणे.

ह्यांनी पाटी ओढली. घशाचं ऑपरेशन होऊन आवाज गेला, तेव्हापासून पाटीच बोलते. लिहिलं — ‘नाही.’

खोटारडे!

५ मार्च

आठवत कसं नाही? मैदानावर थोरले पुटपुटले, हातातला कागद लटपटत होता. त्यात रेडिओच्या तंत्रज्ञाने वायर जोडली ती बँडच्या माइकची! टेपवर फक्त ढोल आणि तुताऱ्या. रेडिओच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी ह्यांना धरून आणलं. हे नभोनाट्यात राजे आणि खलनायक करायचे. रिकाम्या पिंपात तोंड घालून भाषण वाचून घेतलं, मैदानासारखं घुमावं म्हणून. टाळ्या-आरोळ्या फुटबॉलच्या सामन्यातल्या. कागद संपला तरी टेप उरली, साहेब काचेपलीकडून हात फिरवत होते — चालू ठेव! तेव्हा ह्यांनी मनानेच ठोकून दिलं, ‘भीती आज इथेच ठेवून घरी जा.’

ते वाक्य आज शाळाशाळांच्या भिंतीवर आहे. खाली नाव कुणाचं?

थोरल्यांनी टेप ऐकली आणि म्हणाले, “चांगला बोललो की मी.” हे अजून ते आठवून हसतात. मला नाही हसू येत. साहेब म्हणाले, देशासाठी गप्प राहा, आणि हे मूग गिळून बसले. एकदा जिन्यात सहज त्या आवाजात बोलले, तर शेजाऱ्याने झापलं, थोरामोठ्यांच्या नकला करू नका म्हणून.

९ मार्च

दरवर्षी स्वातंत्र्याच्या दिवशी सकाळी आठला रेडिओ ते भाषण लावतो. पूर्वी हे लक्षही द्यायचे नाहीत. आवाज गेल्यापासून मात्र बटण पूर्ण पिळून शेजारी खुर्ची ओढतात, मलाही बसायची खूण करतात. मी स्वयंपाकघरात भांडी आपटते. या वयात केवढा तो स्वतःचा सोस!

आणि ह्यांनी स्वतःच्या नावावर केलेली नाटकं? ती पुसून त्याच टेपांवर बाजारभाव भरले. खरं तेवढं पुसलं, खोटं तेवढं जपलं.

१० मार्च

सांगितलं! हे फिरायला गेले होते, प्राध्यापकाला बोलावून घेतलं. पिंपासकट सगळं सांगितलं. छातीवरचा धोंडा उतरला. आता कळू दे देशाला, थोरले किती थोर ते.

२६ मार्च

पुस्तकाआधी पेपरातच छापून आलं. वाटलं, थोरल्यांचं बिंग फुटेल. कसलं काय! पेपरात अग्रलेख — इतका साधा माणूस, मोठ्याने बोलणंही ज्याला जमलं नाही! थोरल्यांचा नातू टीव्हीवर डोळे पुसत होता, आजोबांना प्रसिद्धीचा तिटकारा होता म्हणे. ज्या माणसाने टेप ऐकून स्वतःचीच पाठ थोपटली, त्याला!

आणि हे? तोतया. शाळेच्या भिंतीवरच्या त्या वाक्यावर चुना फासला. शेजारी जिन्यात मान वळवून जातो.

लेकीचा फोन आला. “आई, बाबांना एकदा विचारलंस तरी का?”

नाही विचारलं. त्यांच्यासाठीच तर केलं ना!



१ एप्रिल

रेडिओने राष्ट्राची माफी मागितली. बनावट टेप नष्ट केली म्हणे. ह्यांची माफी कोण मागणार?

४ एप्रिल

आज तो दिवस. आठला ह्यांनी सवयीने रेडिओ लावला. कुणी मुलगी तेच भाषण वाचत होती. स्वच्छ, छान. ह्यांनी बंद केला.

मी म्हटलं, “सुटलात एकदाचे थोरल्यांच्या तावडीतून.”

त्यांनी पाटी घेतली. लिहायला वेळ लावला.

‘माझा आवाज तुझ्या कानात राहावा म्हणून लावत होतो.’

मला हाक कशी मारायचे, तेच आठवत बसले आहे सकाळपासून. येतं ते एकच — भीती आज इथेच ठेवून घरी जा.