जमीलेमावशीच्या पेल्याने सांगितलेलं

अम्यून, १४ नोव्हेंबर १९९०

ती. नकूलादादास,
वदादचा सप्रेम सलाम वि. वि.

जैतुनं उतरवून झाली. यंदा झाडं लगडली होती, पण झोडपायला माणसं मिळेनात. शेवटी मी आणि आईनेच चार दिवस चादरी अंथरून वेचली. आईचा गुडघा त्यावरून रुसलाय आणि आई तुझ्यावर. दोन महिने तुझी एक ओळ नाही. चर्चचा खुरी झालास म्हणून काय, आईला पत्र लिहायलाही बिशपची परवानगी लागते की काय?

आता खरं काम. आठवड्यातून तीन दुपारी आई शेजारी जमीलेमावशीकडे जाते. मावशीने मेणकापडावर गोलाकार अक्षरं लिहिली आहेत. मधे कॉफीचा छोटा पेला पालथा घालतात, तिघी त्यावर एकेक बोट टेकवतात आणि प्रश्न विचारतात. पेला अक्षरांवरून सरकतो. मावशी तिच्या नवऱ्याला बोलावते, आणि तो मेल्यावरसुद्धा तिच्याशी भांडतो. आई तुझ्यामाझ्या भावाला, मित्रीला बोलावते. तिसरं बोट माझं असतं.

युद्धात मित्रीला बंदूकवाल्यांनी नाक्यावर गाडीतून उतरवून नेलं त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत कुणी एक शब्द सांगितला नाही, आणि हा पेला पहिल्याच दिवशी म्हणाला, जिवंत आहे. मग म्हणाला, थंडी वाजते. आईने लगेच स्वेटर विणायला घेतला. गेल्या मंगळवारी पेल्याने सीमेपलीकडच्या एका तुरुंगाचं नाव सांगितलं आणि आता ती तिकडे जायला निघालीय. एक ड्रायव्हर बायकांना तुरुंगाच्या दारापर्यंत नेतो. मागच्या महिन्यात दोघी गेल्या, परत एकच आली. आईला तर डॉक्टरांनी जिना चढायचीही मनाई केलीय.

माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल, मुलगा म्हणून नाही तर निदान खुरी म्हणून. चांगलं कडक लिही. वहिनींना सलाम, पोरांना पापे. लोभ असेलच, तो कागदावरही उतरू दे.

तुझी,
वदाद


रहबे, अक्कार, २२ नोव्हेंबर १९९०

चि. वदादला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर जेवलो नाही. तुझ्या वहिनीला वाटलं, नाताळआधीचे उपास मी जरा जास्तच मनावर घेतलेत.

हे आईला वाचून दाखव. मेलेली माणसं आपली नोकर नाहीत, की पेला वाजवला आणि हजर झाली. ती देवाच्या हाती आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्यांची उलटतपासणी घ्यायची नाही. शौल राजाला देव उत्तर देईना तेव्हा तो एन-दोरच्या, मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडे गेला, आणि दुसऱ्या दिवशी लढाईत संपला. पेल्यातून जो बोलतो तो आपला माणूस नसतो. आपल्या माणसाचा आवाज काढून बोलणारा तो दुसराच असतो, आणि गोड बोलून माणसाला खड्ड्यात घालणं हेच त्याचं काम. आईने हे सोडावं, पापकबुली द्यावी. तोवर तिने प्रभुभोजन घेऊ नये. मुलगा असून हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहितोय.

आणि वदाद, तुझं बोट तिथे काय करत होतं? तू तर शाळेत मुलांना शिकवतेस.

आईला सीमेपलीकडे जाऊ देऊ नकोस. तिथे जाऊन काही हाती लागणार नाही. सुके अंजीर पाठवतोय, तिच्यापासून लपवून ठेव, नाहीतर ती मावशीला वाटून टाकेल.

तुझ्या मायेवर विसंबून असलेला,
नकूला


अम्यून, ३ डिसेंबर १९९०

ती. नकूलादादास,
वदादचा सलाम.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत विणत राहिली. मग म्हणाली की, माझ्या खुरीला सांग, मेलेल्यांना बोलावू नये हे मलाही ठाऊक आहे, पण माझा मित्री कुठे मेलाय? तो जिवंत आहे, मग पाप कसलं? आणि प्रभुभोजन बंद करणाऱ्याला मी नऊ महिने पोटात वागवलंय, हेही कळव म्हणाली. कळवलं.

दादा, आता माझी कबुली ऐक. पेला मीच ढकलत होते. पहिल्या दिवशी आईने विचारलं, माझ्या राजा, कसा आहेस, आणि तिच्याकडे बघून माझ्याच्याने राहवलं नाही. एकदा ढकलल्यावर थांबता येईना. थंडीचं मी लिहिलं. तुरुंगाचं नावही मीच घातलं, रेडिओवर ऐकलेलं. कुठे आहेस म्हणून ती रोज रडायची, तिला कुठेतरी टेकायला जागा मिळावी एवढंच माझ्या मनात होतं.

पण मला झोडपण्याआधी एक सांग. काल तुझ्या चर्चची घंटा वाजवणाऱ्याची बायको नजीबे इथे बहिणीकडे आली होती. मला रस्त्यात भेटून हळहळली. म्हणाली, तुमच्या भावाच्या आत्म्याला शांती मिळो, आमचे खुरी दर रविवारी त्यांचं नाव घेतात. मी विचारलं, कोणत्या यादीत? ती म्हणाली, मृतांच्या, गेली चार वर्षं.

इथे आई दर रविवारी चर्चमध्ये भाकरीबरोबर प्रार्थनेसाठी नावांच्या दोन चिठ्ठ्या देते, एक जिवंतांची, एक मृतांची. जिवंतांच्या चिठ्ठीत मित्रीचं नाव सगळ्यांत वर असतं. तिकडे तू त्याला मृतांमध्ये वाचतोस. दादा, तुला काय माहीत आहे? कुणाकडून? आईपासून लपवलंस ते समजू शकते, माझ्यापासून का?

आई सोळा तारखेला निघणार आहे. पटकन लिही. आज लोभाबिभाचं काही मागत नाही.

वदाद


रहबे, ७ डिसेंबर १९९०

चि. वदादला,
आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर नाही एवढंच मी लिहू शकतो. याजकापुढे गुडघे टेकून माणूस जे बोलतो ते याजकाबरोबर थडग्यात जातं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी हे उगाच सर्वसाधारण लिहितोय. मी तुला काहीही सांगितलेलं नाही.

चूक मात्र माझी. उपासनेआधी वेदीजवळ मी एकेका नावाने भाकरीचे कण काढतो, जिवंतांचे वेगळे, मृतांचे वेगळे. मित्रीचा कण हातात आला की जिवंतांच्या बाजूला ठेवायला हात धजेना. देवासमोर खोटं कसं ठेवणार? नाव मनातल्या मनात घ्यायचं, ते मी मोठ्याने घेतलं. इथे आमच्या घरचं कुणी नाही या भ्रमात राहिलो.

तू आईला खरं सांग, की पेला तूच ढकललास. तेवढं ऐकून ती थांबेल. मी येऊन समोर उभा राहिलो तर ती विचारेल, आणि तिच्या डोळ्यांसमोर मला गप्प राहता येणार नाही. म्हणून येत नाही. भित्रा म्हण.

देव तुला बळ देवो. मला क्षमा कर.

नकूला


अम्यून, १६ डिसेंबर १९९०

ती. नकूलादादास,
वदादचा सलाम.

तू काही सांगितलं नाहीस आणि मला सगळं समजलं. कुणीतरी येऊन तुझ्यापुढे गुडघे टेकले, पाप उतरवून हलका होऊन घरी गेला आणि आपला भाऊ तुझ्या छातीवर ठेवून गेला. चार वर्षं तू त्याला एकटा वाहतोयस. तुझा राग येतो आणि तुला पोटाशी धरावंसंही वाटतं.

मंगळवारी मी पुन्हा जमीलेमावशीकडे बसले. मनात ठरवलं होतं, तुला जे बोलता येत नाही ते पेल्याला बोलू दे. आईने विचारलं, येऊ का रे तुला न्यायला? मी बोट दाबलं आणि एकेक अक्षर करून लिहिलं, आई येऊ नको, मला नेलं त्याच वर्षी मी मेलो.

आईने बोट उचललं. रडली नाही. मावशीला म्हणाली की, पेला उचल आणि मेणकापड चुलीत घाल, हा माझा मित्री नव्हे. नकूलाने लिहिलंच होतं, आपल्या माणसाचा आवाज काढून दुसराच बोलतो. आज त्याची शेपटी दिसली, म्हणाली.

मग मी तिचे पाय धरले आणि सांगितलं की सैतानबितान कुणी नाही, पहिल्या दिवसापासून मीच ढकलतेय. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, म्हणजे मेलो हेही तूच लिहिलंस ना? आईला अडवायला लेक काय वाट्टेल ते लिहिते. तुला कुणी सांगितलं का तो मेला म्हणून? दादा, मी तुझं नाव घेतलं नाही. नाही म्हटलं. ती म्हणाली, मग झालं तर. मी म्हटलं, मग तुरुंगाचं नावही माझंच. त्यावर म्हणाली, तिथे नसला तर पुढच्या तुरुंगात विचारीन.

काल तिने पापकबुली दिली, आज सकाळी प्रभुभोजन घेतलं आणि चर्चमधून परस्पर ड्रायव्हरच्या गाडीत बसली. बरोबर आपापली मुलं शोधणाऱ्या आणखी तिघी आया आहेत. औषधाच्या गोळ्यांची पुडी मी तिच्या कमरेला बांधून दिली. गाडी सुटताना काच खाली करून तिने तुझ्यासाठी निरोप दिला: नकूलाला लिही, मी त्याचं ऐकलं, पेल्याला हात लावणं सोडलं, आता त्याने माझ्यावर रागावू नये.

निरोप पोचवला. तू इथे ये, मला एकटीला तिची वाट बघवत नाही.

वदाद