सरसकट मंजूर

सोमवार, ३ तारीख

लागली एकदाची नोकरी! बावन्नाव्या वर्षी, लोक निवृत्तीचे दिवस मोजायला लागतात त्या वयात, मी आज नवं ओळखपत्र गळ्यात अडकवून नव्या खुर्चीत बसलो. सव्वीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, मग वर्तमानपत्रच बंद पडलं, आणि पुढचं दीड वर्ष घरी बसून ताईचं डोकं खाल्लं. ही रोजनिशीही तिनेच आणून दिली. म्हणाली, माझं पुरे झालं, आता हिचं खा.

काम सोपं आहे. कंपनी लोकांना घरबसल्या चित्रपट दाखवते. पाहून झालं की प्रेक्षक खाली आपलं मत लिहितात आणि ते मत आधी माझ्या पडद्यावर येतं. शिवीगाळ, जाहिरात किंवा शेवट फोडलेला असेल तर 'रद्द', नाहीतर 'मंजूर'. रद्द केलेलं कुणालाच दिसत नाही. मंजूर केलेलं मात्र परत घेता येत नाही, आमच्याकडे तसं बटणच नाही. दिवसाला नऊशे मतं उपसायची. आमच्या मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या आहेत, पण स्वभावाने गोड. जागा खिडकीपासून लांब, एसी थेट मानेवर. टेबलाच्या खणात आधीच्या गृहस्थांचा एक डबा राहिलाय, माशांच्या खाद्याचा. न्यायला येतील म्हणून तसाच ठेवलाय.

घरी आलो तर ताईने खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीतूनच विचारलं, साहेब, टिकणार का? टिकणार म्हणालो.

मंगळवार, ४ तारीख

लोक काय काय लिहितात! "वेळ फुकट गेला. पाच तारे." "बायको झोपली म्हणून शेवटपर्यंत पाहता आला." एकाने तर चित्रपट सोडून शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल लिहिलंय. मंजूर केलं, नियमात बसतं. शुद्धलेखनाच्या नावाने मात्र आनंदीआनंद. माझा हात सारखा लाल पेन शोधतो.

दुपारी चारला डोळ्यांची आग आग झाली. अजून साडेतीनशे बाकी होती. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी इथली खरी पद्धत दाखवली. वरच्या कोपऱ्यात एक चौकोन आहे. त्यावर टिचकी मारली की पानावरची पन्नासच्या पन्नास मतं निवडली जातात, मग खालचं बटण: सरसकट मंजूर. चारनंतर सगळे असंच करतात म्हणे, नाहीतर घरी कधी जायचं? मला कसंसंच झालं. न वाचता सोडायचं? सव्वीस वर्षांत एक ओळ न वाचता सोडली नव्हती. पाच वाजता सात पानं सोडली.

ताईला सांगितलं तर ती हसली. शाळेत शिवण शिकवायची तेव्हा तीही पहिल्या बाकावरच्या मुलींच्या टिपा बघून अख्खा वर्ग पास करायची. मला इतकी वर्षं वाटायचं की आमच्या घरात मीच तेवढा कामचुकार नाही. तिचे पाय आज पुन्हा सुजलेत. गोळ्या वेळेवर घेते म्हणते, पण तिचं खरं मानायचं नाही हे डॉक्टरांनीच सांगितलंय. हृदय थकलंय, जिना बंद, दगदग बंद.

शुक्रवार, ७ तारीख

गंमत झाली. यादीत एक चित्रपट आहे, त्याला नाव नाही, चित्र नाही, नुसता क्रमांक: ४०१७. त्याखाली आज पंधरा-वीस मतं आली. त्यांवरून गोष्ट कळली: एका घरात एक भाऊ आणि त्याची थोरली बहीण राहतात. भाऊ दिवसभर पडद्यासमोर बसतो, बहीण खिडकीजवळ खुर्चीत विणकाम करते. "संथ आहे, पण बहिणीचं काम झकास." "भाऊ रडका आहे." एकाने शेवट फोडल्यासारखं लिहिलं होतं, भाऊ बसमधून उतरताना पडतो आणि पाय मोडतो. ते रद्द केलं.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, बघ, परक्यांनाही कळतं रडका कोण आहे ते. चित्रपट दाखव म्हणून मागेच लागली. उघडायला गेलो तर लिहून आलं, हा चित्रपट आपल्यासाठी उपलब्ध नाही.

सोमवार, १० तारीख

आज हसू आलं नाही. "ती हिरवा स्वेटर उसवते आणि पुन्हा तोच विणते, हे किती वेळा दाखवणार?" ताईच्या हातात दोन महिने हिरवा स्वेटरच आहे, माझाच, जुना. पुढचं मत: "स्वयंपाकघरात गळक्या नळाखाली निळं भांडं ठेवलंय, ते कधी भरतंय याची वाट बघत बसलो." आमचा नळ गळतो. भांडं निळं आहे.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, काका, गळका नळ कुणाकडे नसतो? बरोबर आहे त्यांचं. मग सहज म्हणाल्या, आधीचे गृहस्थही असंच काहीतरी विचारत होते.

कंटाळा आलाय. चारनंतर नऊ पानं सरसकट सोडली.

मंगळवार, ११ तारीख

सकाळी ताईच्या हातून साखरेचा डबा पडला. घरभर साखर. ती म्हणाली, आता मुंग्यांना तरी माझ्या हातचं गोड लागेल, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

ऑफिसात ४०१७ ची मंजूर झालेली मतं उघडली. एक काल दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी मंजूर झालेलं. "साखरेचा डबा पडतो तो प्रसंग धमाल." माझ्याच बटणाने गेलेलं. मी न वाचलेलं.

बसमधून उतरताना पाय मोडतो ते मी रद्द केलं होतं. माझे पाय धड आहेत.

गुरुवार, १३ तारीख

खात्री करून घेतली. काल मुद्दाम एक मंजूर केलं, "भावाच्या चष्म्याची काडी मोडते, मग तो दोरा बांधतो." आज दोरा बांधूनच हे लिहितोय. पाच रद्द केली, त्यांतलं एकही घडलं नाही.

म्हणजे मंजूर केलं की होतं. हे लिहितानाच वाटतं की मला वेड लागलंय. लागलं असेल तर बरंच होईल, वेडाला औषध तरी असतं.

कारण आज हे आलं: "मधला भाग फार रेंगाळतो. बहीण गेल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही." रद्द. लगेच दुसरं: "आजारी माणूस दाखवलंय तर काहीतरी घडवा की." रद्द. तिसरं. चौथं. उचलली जीभ लावली टाळ्याला! अरे, माझी बहीण आहे ती. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तिने लग्न केलं नाही, मला वाढवलं. आणि ह्यांना ती रेंगाळते!

शुक्रवार, १४ तारीख

आधीच्या क्रमांकाची, ४०१६ ची मतं उघडून पाहिली. त्या चित्रपटालाही नाव नाही. एकटा माणूस, घरात माशांची मोठी काचपेटी. शेवटचं मंजूर मत: "शेवटी माशांना खायला घालणारं कुणी उरत नाही. छान जमलंय."

मॅडमना विचारलं, आधीचे गृहस्थ नोकरी सोडून गेले का? त्या म्हणाल्या, सोडली असं नाही, यायचे थांबले. शेवटी शेवटी फार थकले होते बिचारे.

डबा अजून खणातच आहे.

सोमवार, १७ तारीख

नोकरी सोडता येत नाही. सोडली तर ४०१७ दुसऱ्या कुणाकडे जाईल आणि चार वाजले की तो चौकोनावर टिचकी मारेल. मीही मारलीच होती ना.

म्हणून एकेक वाचतो. डोळ्यांत तेल घालून. रविवारीही जाऊन बसलो. रद्द करतो तेवढीच नवी येतात, तीन हजार साठलीत. मॅडमना सांगून ४०१७ फक्त माझ्याकडे घेतला. त्या हसल्या, घ्या काका, हौस असेल तर.

हौस!

ताई म्हणते मी वाळलोय. स्वतः चार पावलांत धापा टाकते आणि माझ्या कपाळाला हात लावून बघते. तिला काही सांगितलेलं नाही. सांगू तरी काय?

बुधवार, १९ तारीख

पाच हजार.

शिव्या देणारे परवडले. प्रेमळ लोक जास्त वाईट. "किती गोड आहे ती. आता सोडवा तिला." "शांतपणे गेली तर मला आवडेल." रद्द. रद्द. "रडू येईल असा शेवट द्या." रद्द. हात दुखतो. अक्षरं हलतात. एक मत दोनदा वाचावं लागतं, तीनदा. रद्दवर बोट ठेवलंय की मंजूरवर तेही नीट बघून घ्यावं लागतं.

संध्याकाळी ताईने हिरवा स्वेटर माझ्या पाठीला लावून मापं घेतली. उभ्या उभ्या मला झोप लागली.

गुरुवार, २० तारीख

जेवणानंतर डोळा लागला. दहा मिनिटं. फार तर पंधरा.

जागा झालो तर पडदा रिकामा. सहा हजारांतलं एकही नाही. खांद्यावर हात होता, मॅडमचा. म्हणाल्या, काका, मला बघवेना तुमच्याकडे. मीच मोकळी केली तुमची यादी. आज लवकर घरी जा, बहिणीजवळ बसा.

सगळी. सरसकट.

  त्यांनी दयाच केली.

मंजूर झालेलं सगळं फोनवर घेतलं. बसमध्ये वाचतोय. "सोडवा", "आवडेल", "द्या", ह्या नुसत्या मागण्या, त्यांनी काही होत नाही. जे घडलं म्हणून लिहिलेलं असतं तेच घडतं. ते शोधतोय —

शुक्रवार, २१ तारीख, सकाळ

सापडलं. रात्रभर जागून सगळी यादी वाचली, असं एकच आहे.

"शेवट अंगावर येतो. शुक्रवारची संध्याकाळ, दिवे लावायची वेळ. खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या जीव जातो, आणि स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या माणसाला पत्ताच नाही."

आज शुक्रवार.

ऑफिसला गेलो नाही. डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी ताईला तपासलं, आहे तसंच आहे म्हणाले, विश्रांती तुम्हीच घ्या.

दुपार

खुर्ची उचलून खाली जिन्यापाशी टाकून आलो. शेजारच्या काकांनी तासाभरात परत आणून दिली. चोरीला जाईल म्हणाले. खिडकीजवळच ठेवली, जिथल्या तिथे. ताईने त्यांना धन्यवाद दिले आणि मला विचारलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मग जाऊन बसली तिच्यात.

बावीस वर्षांची सवय आहे. उठवलं तरी पुन्हा तिथेच बसते.

चार वाजता

पुन्हा वाचलं. मुद्रित वाचतो तसं, एकेक शब्दावर बोट ठेवून.

जीव जातो. कुणाचा?

लिहिलेलं नाही. घाईत लिहिलंय, लोक असंच लिहितात. सव्वीस वर्षं मी अशा ओळींपुढे समासात लाल पेनने लिहीत आलो: कोण? खुलासा हवा.

खुलासा नाही. खुर्चीत एक जण आणि स्वयंपाकघरात दुसरं. एवढंच.

म्हणजे —

साडेपाच

ताईला म्हणालो, तुझ्या हातचा चहा हवा. आज मला करवत नाही. ती कुरकुरली, पण उठली. मी कधी मागत नाही ना, म्हणून खूश झाली.

खुर्चीत बसलो. दोन्ही बाजूंना तिच्या कोपरांनी खड्डे पडलेत. हिरवा स्वेटर इथेच होता. पुरा झालाय. अंगात घातला.

ती आतून ओरडतेय, माझी खुर्ची बळकावलीस ना रे, रडक्या. हो म्हणालो.

तिच्या गोळ्या फडताळात वरच्या कप्प्यात. डॉक्टरांचा नंबर दारामागे लिहिलाय. नळाला माणूस बोलावायचा राहिला.

पावणेसहा

भीती वाटते. फार वाटते. उठावंसं वाटतं. पाय उठायला बघतात — बसवून ठेवतोय —

रस्त्यावरचे दिवे लागले. समोरच्या घरातला लागला.

ती गाणं गुणगुणतेय आत. बरं आहे तिला. आवाज चांगला आहे, धाप नाही —

थकवा किती आला होता ते आता कळतंय. वाचायचं काही उरलं नाही. हे एक बरं —

हात जड —

आतला दिवा लागला. आता ती इकडचा लावायला येईल. यायला नको, आत्ता नको, तिने स्वयंपाकघरातच — हाक मारतो, सांगतो तिला, ताई, तू तिथेच थांब, इकडचा दिवा मी ला