दहा वजा

दि. ९ डिसेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. तू, जावईबापू आणि छोटे साहेबही ठीक असाल. फोनवर माझं बोलणं दोन वाक्यांत आटोपतं, मग तू "बरं, ठेवते" म्हणतेस. म्हणून हे पत्र. कागद मध्येच ठेवून देत नाही.

बातमी अशी की मागच्या खोलीत गॅसचा हीटर बसला. "त्या बर्फाच्या पेटीत मी बाळाला घेऊन येणार नाही," असं तू म्हणाली होतीस. आता ती बर्फाची पेटी राहिलेली नाही. हे लिहिताना स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आहे.

बाबांनी स्वतः बसवला म्हणजे धूर खोलीत, असं तुझ्या मनात येईल. तर नीट वाच. या हीटरला छतातून वर जाणारं धुराडं लागत नाही. त्याची नळी मागून आडवी निघते आणि भिंतीतून सरळ बाहेर जाते. नळीच्या आत आणखी एक नळी आहे. आतल्या नळीतून जळका वायू बाहेर, दोन्हींच्या मधल्या फटीतून ताजी हवा आत. खोलीतलं तो काही घेत नाही, खोलीत काही सोडत नाही. शहाण्या पाहुण्यासारखा, आपलं आपण आणतो, आपलं आपण नेतो. नळीला बाहेरच्या अंगाला किंचित उतार दिला आहे, म्हणजे आत साचलेलं पाणी घराबाहेर ठिबकतं. हे मला कोणी शिकवलं नाही, माहितीपुस्तिका वाचून केलं. गॅसचा जोड मात्र कंपनीच्या माणसानेच करायचा असतो. तसा नियम आहे आणि तो बरोबर आहे.

बाकी घरात सगळं जागच्या जागी. भांडी थोडी पडतात. दूध नासतं, कारण हात अजून मोठी पिशवीच उचलतो.

आता चूक झाली ती सांगतो. समोरच्या रेडिओमावशी एव्हाना अर्ध्या गल्लीला सांगून मोकळ्या झाल्या असतील, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

नळीचं तोंड उघड-बंद होणाऱ्या खिडकीपासून निदान तीस सेंटिमीटर लांब हवं. नाहीतर बाहेर टाकलेला वायू खिडकीतून परत घरात. मी पस्तीस धरले. नियमाच्या अगदी काठावर काम करणं मला आवडत नाही. टेप आपली जुनीच, पुढचं टोक तुटलेली, दहाच्या आकड्यापासून सुरू होणारी. तू पाठवलेली नवी टेप चांगली आहे. खराब होऊ नये म्हणून कपाटात ठेवली आहे. जुनीने मापायचं तर दोघं लागतात, हे तुला ठाऊक आहे. तुझी आई दहाचा आकडा कडेला धरायची आणि ओरडायची, "दहा वजा!" मी दुसऱ्या टोकाला आकडा वाचायचो. मी तिला म्हणायचो, "अगं, ओरडतेस कशाला, वजाबाकी येते मला."

या वेळी दहाचा आकडा चौकटीला चिकटपट्टीने चिकटवला, पस्तीसवर पेन्सिलीने खूण केली आणि भोक पाडलं. भोक सुंदर पडलं. कडा कुठे फुटली नाही, उतार जसा हवा तसा.

गॅसवाले साहेब तपासायला आले. त्यांनी स्वतःची टेप लावली.

"काका, पंचवीसच भरतंय."

"पस्तीस आहे."

"माझी टेप नवी आहे हो."

"माझी तुमच्या नोकरीपेक्षा जुनी आहे."

"तेच म्हणतोय मी!"

मी पुन्हा मापलं. मग कळलं.

साहेब माणूस भला. म्हणाले, "एवढंसं तोंड करू नका. खिडकीला दोन स्क्रू मारा, कायमची बंद. न उघडणाऱ्या खिडकीला हा नियम लागत नाही. लगेच सही करतो." स्क्रू माझ्या खिशातच होते.

"खिडकी उघडी लागते," मी म्हणालो.

"या थंडीत? कोणाला?"

साहेब सही न करता गेले.

त्या खिडकीच्या कट्ट्यावर दोन ठिकाणी रंग उडाला आहे, दोन कोपरांएवढा. मी किती वेळा लावून दिला. पुन्हा उडायचा. आता लावला तर टिकेल.

पहिलं भोक विटेच्या तुकड्यांनी भरलं, वरून गिलावा केला, वाळू दिला. मग पुन्हा मापायला घेतलं. रेडिओमावशी समोर त्यांच्या खिडकीत होत्या. हल्ली या खिडकीत कोणी नसतं, म्हणून तिथे त्या तशा गप्पच असतात. मी पेन्सिल टेकवली आणि गल्लीपलीकडून आवाज आला, "दहा वजा, भाऊजी!"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"अहो, इतकी वर्षं ऐकतेय! आमच्याकडेही मापायला घेतलं की तोंडातून तेच येतं. टेप धड आहे आमची, तरी पडदे आखूड झाले बघा."

मी हसलो नाही. भिंतीला टेकून खाली बसलो. लोक विचारतात, मी ठीक म्हणतो, आणि ते खरंच आहे. मला अजून काही झालेलं नाही. भोकात बोट घातलं तर पलीकडची हवा गार लागते, एवढं समजतं. मग उठून पंचेचाळीसवर खूण केली.

ठकू, दवाखान्यात तू मला म्हणालीस, "बाबा, तो स्क्रूड्रायव्हर ठेवा हो आता." मी पलंगाखाली चाक आवळत होतो आणि वर पलंगावर तुझी आई गेली होती. तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस. तू म्हणालीस ते बरोबरच होतं. एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. तू औषध आणायला गेली होतीस तेव्हा ती मला म्हणाली, "अहो, ते चाक कुरकुरतंय, बघा ना जरा." मी खाली वाकून चाक फिरवून पाहिलं. कुरकुरत नव्हतं. तरी मी आवळत राहिलो.

माझे हात रिकामे राहिले की माझं काय होतं, हे तिला माहीत होतं.

असो. साहेब पुन्हा आले, पस्तीस भरले, सही झाली. हीटर आवाज करत नाही. मी सकाळी थोडा वेळ ती खिडकी उघडून ठेवतो. गॅस वाया जातो, ठाऊक आहे.

छोट्या साहेबांच्या खाटेला कठडा करायचा आहे. लाकूड आणून ठेवलं आहे, मापलेलं नाही. चिकटपट्टीवर माझा आता भरवसा नाही. तू ये, दहाचं टोक धर. आणि मला कितीही वजाबाकी येत असली तरी ओरड.

तू येईपर्यंत
दहा वजा,
बाबा