भिंतीवरचा उजळ चेहरा

४ मार्च
भिंतीवरच्या चेहऱ्यावर उद्या पांढऱ्या रंगाचा हात मारून सगळं पहिल्यापासून! मुलीनंच सांगितलं, आल्या आल्या.

तीन आठवडे ती आणि तिचे चार मित्र ती भिंत रंगवतायत. त्यावर चेहरा — गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवून, केबिनमध्ये कोंडून जीव जाईपर्यंत मारलेल्या पोराचा. नोकरीचा पहिला दिवस होता. त्याची आई आज भिंत बघायला आली. शिडीखाली बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "छान काढलंय गं. पण हा माझा नाही. माझा काळा होता, माझ्यासारखा."

पोरं पार ओशाळली. वर्णभेदाविरुद्ध भिंत, आणि ज्याच्यासाठी काढली त्यालाच उजळ करून ठेवलं! त्यांचा काय दोष? त्यांनी त्याच्या नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला.

तो फोटो आमच्या दुकानातला. मीच काढलेला.

५ मार्च
"बाबा, मूळ फोटो असेल ना तुमच्याकडे?"
"एवढं कोण ठेवतं," म्हणालो.
ठेवतो. मी सगळं ठेवतो.

७ मार्च
दुकान उघडल्यावर पहिलं काम — तो फोटो शोधला. मूळ आणि कार्डावरचा, दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले. मूळ फोटोत कपाळावर घाम, नवा सदरा, ओठ हसू दाबतायत. दुसऱ्यात घाम नाही आणि तोही नाही. कुणीतरी भलताच.

चेहरा उजळायचा हे हाताचं वळण. तीस वर्षांचं. बायको थट्टा करायची, "तुमच्या दुकानात शिरलेला माणूस दोन साबण संपवूनच बाहेर येतो." गिऱ्हाईक खूश, मीही खूश. तक्रार कधी कुणी केली नाही.

गिऱ्हाईक आलं. मी फोटो बंद केला.

९ मार्च
राहवलं नाही, भिंतीकडे गेलो. त्याची आई स्टुलावर बसलेली, बाही कोपरापर्यंत सरकवून. तिचा हात समोर ठेवून पोरं रंग कालवत होती. भिंतीवर तपकिरीचे सात-आठ पट्टे ओढलेले. प्रत्येकाला ती मान हलवायची — नाही.

"मावशी, हात हलवू नका ना!" उंच पोरगा, ज्याला सगळे उंट म्हणतात, तो वैतागला.
"अरे उंटा, जन्मभर लोकांची भांडी घासलेला हात आहे हा. तुझ्यासाठी थांबेल थोडा."

सगळे हसले. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.
"भाऊ, तुम्ही त्याला अगदी समोर बसवून पाहिलंत. कसा दिसत होता हो?"
"दुकानात गर्दी होती," म्हणालो.

गर्दी नव्हती.

११ मार्च
दुकान बंद ठेवलं. अंग दुखतंय असं सांगितलं.

१२ मार्च
पहारेकऱ्याचा जबाब आला. त्याच्या आईच्या वकीलबाईंनी वाचून दाखवला, मुलीनं घरी येऊन सांगितला. "कार्डावरचा चेहरा त्याचा वाटला नाही. दुसऱ्याचं कार्ड चोरून आणलं असं समजलो."

मुलगी भडकली. "निमित्त आहे, बाबा! काळा माणूस दिसला की ह्यांना चोरच दिसतो. कार्ड कसंही असतं तरी मारलाच असता."

असेलही. पण निमित्त कुणाच्या दुकानातून गेलं?

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "उजळ करा असं त्यानंच सांगितलं असेल ना? नोकरीसाठी सांगतात लोक."
"हो," मी म्हणालो. "सांगतात."
तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या!

१३ मार्च
त्यानं सांगितलं नव्हतं. उठता उठता म्हणाला होता, "काका, आहे तसाच राहू द्या हं. आईला दाखवायचाय." मी हो म्हणालो, आणि हात सवयीनं चालला.

दोन्ही फोटो छापून पाकिटात घातलेत. त्याची आई नऊला भिंतीशी येते. मुलगीही तिथंच असेल.