नागोजीचा कागद

जि. बेळगाव,
११ फेब्रुवारी २०२५

चि. ऋचा,
आशीर्वाद. माझा गुडघा दुखतो, बाकी ठीक. फोनवर तू मधेच बोलतेस, म्हणून पत्र.

तुझ्या प्रबंधातलं प्रकरण दोनदा वाचलं. लोक मुसलमान कसे झाले, याला आमच्या वेळी कॉलेजात एकच उत्तर होतं: तलवार. फार तर राजाश्रय. आता तुम्ही एकेक गाव घेता, जमिनीचे कागद बघता, चार-चार पिढ्यांची नावं लावता, आणि धर्म किती सावकाश बदलला ते दाखवता. पद्धत पटली. शुद्धलेखनाच्या चुका मात्र अकरा आहेत.

आपल्या गावावर तू लिहिलंस की आपण देसाई आणि दर्ग्याचे मुजावर एकाच घराण्यातले असावेत, पण पुरावा नाही.

त्यावर येते, पण आधी गावची बातमी. यंदा उरुसाचा गलेफ, पिराच्या कबरीवर घालायची चादर, आपल्या घरातून निघाला नाही. दारात गावची पोरं आडवी उभी राहिली. हातात देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका होती. त्यात मी लिहिलेलं आहे, की मुजावरांना जुलमानं बाटवलं. "बाईंनीच लिवलंय की! वाच रं, मोठ्यानं वाच."

दुसऱ्या दिवशी दस्तगीर मुजावर आले. म्हणाले, "आक्का, तुमी लई शिकल्याल्या. आमचं वाडवडील भिऊन मुसलमान झाले, ह्ये कुठं घावलं तुमास्नी?"

"पुस्तकांत आहे," मी म्हणाले.

"व्हय? मग आसंल." चहा न घेता उठले. सोमवारी घराला कुलूप लावून निपाणीला लेकीकडे गेले. दर्ग्यात दिवा नाही.

पुस्तकांत ते नव्हतं, ऋचा. आपल्या ट्रंकेत मोडीतलं वाटणीपत्र होतं. माझे वडील, अण्णा, वारले तेव्हा मला सापडलं. दोघा देसाई भावांपैकी थोरल्या नागोजीनं आपल्या खुशीनं पिराची दिवाबत्ती पत्करली, धाकट्यानं वाडवडिलांचे देव ठेवले, आणि पहिला गलेफ धाकट्याच्या घरातून जावा, असं दोघांनी ठरवलं. पुढे नागोजीच्या घरातली नावं हळूहळू कशी बदलली, ते तुझ्या तक्त्यात आहेच. हे ठाऊक असून मी स्मरणिकेत ते वाक्य लिहिलं. तुझ्या भावाची, निशांतची, सोयरीक चालू होती. लोक काय म्हणतील, एवढंच कारण.

दिवाळीत तू ट्रंक मागितलीस. मी किल्ली हरवली म्हणाले. किल्ली कमरेला होती. तू गेलीस त्या सकाळी पाण्याचा बंब पेटवताना मी तो कागद आत घातला.

आठवला तेवढा मजकूर सोबत लिहून दिला आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आहेत. मूळ कागदाची सर त्याला येत नाही, हे मीच तीस वर्षं शिकवलं. तरी छाप, आणि मूळ कागद कुठे गेला तेही छाप. आत्या म्हणून गाळू नकोस. एक प्रत निपाणीला पाठवली. उत्तर नाही, येईल असं वाटत नाही.

नाव पूर्ण घाल:
विनोदिनी मारुतीराव देसाई,
इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका,
जिनं तो जाळला.