दत्तारामाला शिकवतं कोण?

घाटातला बंगला,
पोलादपूरच्या वर, श्रावण

ती. सौ. बनूवन्संना धाकट्या भावजयीचा दंडवत. तुमचे गुडघे आणि काळी म्हैस, दोघांची खुशाली कळवा. तुमच्या कापडे गावात भातलावणी उरकली असेल. इथे धुकं भरदुपारीसुद्धा ओटीवर येऊन बसतं.

पत्राचं कारण तुमचे भाऊ. ते गेल्यापासून बंगल्याची चौकीदारी, साहेबलोकांचं जेवणखाण, सगळं मीच बघते. आता कचेरी म्हणते, बाईमाणसाला कायम करता येत नाही. महाडचा दत्ताराम नेमला. वर मलाच हुकूम, याला सगळं शिकव आणि तुझी राहती मागची खोली रिकामी कर. मी शिकवते, पण सावकाश (कंदिलाच्या काचा पुसण्यातच आठवडा घालवला). पावसात मागचं दार फुगतं, तेव्हा खालून टाच मारून कडी काढावी लागते. ही युक्ती मी सांगितलीच नाही. ती आम्हा नवराबायकोलाच ठाऊक. परवा दत्तारामने टाच मारली आणि दार उघडलं.

"कोणी दाखवलं रे?"

"त्या घोंगडीवाल्या बाबान दाखवलान. एक भुवई पांढरी हाय बघा. भर पावसातून येतात, पर पायरी भिजत नाय."

वन्सं, मी हातातली परात खाली ठेवली. (पडली नाही. लोक सांगताना उगाच पाडतात.)

तेव्हापासून मी लपवावं आणि त्यांनी शिकवावं, असं चाललंय. तेही किती सबुरीने! मला बाराखडी शिकवताना दोन अक्षरांत चिडले होते. पुढची मी वाण्याच्या पुड्यांवरून शिकले. काल दत्ताराम म्हणतो, "काकी, बाबा सांगत होते, चहात आलं अजून जास्तीच घालता." त्या पायरीवर मी रोज एक कप ठेवते. मी समजत होते, मांजर पितं.

त्याच पायरीवर बसून मी रोज तांदूळ निवडते. मला एकदा त्यांचा खोकलासुद्धा ऐकू आला नाही.

तुम्ही थोरल्या. येऊन त्यांना जरा खडसावा, परक्याला दिसता आणि घरच्या माणसाला का नाही?

तुमची,
आनंदी

ता. क. बाबा कोण, ते आज मी न राहवून दत्तारामला सांगितलं. तो बोचकं बांधून निघाला. कचेरीतला कारकून मागेच म्हणाला होता, हा पळाला तर कायम नाही, पण जागा तुलाच. तरी मी बोचकं लपवलंय. "राहायचं तर काकी, तुम्ही खोली सोडायची नाय," अशी त्याची अट आहे. मान्य केली. तो गेला तर त्यांचं बोलणं मला सांगणार कोण?

आणखी एक. तुम्ही येऊ नका, गुडघे सांभाळा. तुमच्याकडच्या भगताकडून दत्तारामसाठी ताईत तेवढा पाठवा. भीती जाईल असा मागा. ते जातील असा नको.